कोणाचं नशीब, ते आधी सांगा

आमच्या प्रतिभाताईंचा दैवावर काडीचा विश्वास नाही. आणि जेल रोडपासून बिटको चौकापर्यंत कोणाला इंग्रजी पत्रात ‘फॉर्च्युनेटली’ घालायचं झालं, तर तो विचारायला येतो ताईंकडेच. आता बोला.

ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी ललिता पगारे. नाशिकरोडला, जेल रोडवर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. ताई शाळेत इंग्रजी शिकवायच्या. रिटायर झाल्या आणि घरातल्या भिंतींना शिकवायला लागल्या, म्हणून मीच म्हटलं, दुकानात येऊन बसत जा. वाटलं होतं, बसतील, पेपर वाचतील, चहा घेतील, माझ्याशी चार गप्पा मारतील. कसलं काय! गिऱ्हाईक अर्ज टाईप करायला आलं, की यांनी तो मागून घ्यायचा आणि पर्समधून तांबडं पेन काढायचं. मी म्हटलं, “ताई, हे गिऱ्हाईक आहे, सातवी ब नाही.” तर म्हणे, “मग काय झालं? गिऱ्हाईकानं चुकावं असा काही नियम आहे का?” मी कोपऱ्यात त्यांना एक टेबल लावून दिलं.

लोक आधी घाबरले, मग सोकावले. आता मोबाईललाच सांगितलं की तो गुळगुळीत इंग्रजी पत्र लिहून देतो, हे काय मला माहीत नाही? पण ते पत्र घेऊनसुद्धा लोक ताईंना दाखवायला येतात. इंग्रजी बरोबर आहे का, एवढंच विचारायला येतात आणि अर्धा तास उलटतपासणी होऊन जातात.

त्यातही ताईंची खास नजर असते ती या नशिबाच्या शब्दांवर. लकिली, फॉर्च्युनेटली, थँकफुली, हॅपिली. म्हणतात, आपल्या माणसांना इंग्रजी लिहायला बसलं की हे शब्द पानावर शिंपडायची सवयच असते, कोथिंबिरीसारखी. एका बँकेतली पोरं साहेबांच्या निरोप समारंभाचं पत्रक घेऊन आली होती. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, हॅपिली, आमचे साहेब निवृत्त होत आहेत. ताईंनी चष्म्यावरून बघितलं. “याचा अर्थ, साहेब चालले म्हणून तुम्हाला आनंद झालाय. खरं असेल तर राहू द्या.” पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, थोडा विचार केला, हो, केला, मी डोळ्यांनी बघितलं, आणि मग म्हणाली, नको मॅडम, काढा.

आणि आमच्या गल्लीतल्या सिंधुबाई. त्यांचे मालक नोकरीत असतानाच वारले. कोर्टाबाहेरच्या कोणाकडून तरी पेन्शनचा अर्ज लिहून घेतला होता. नशिबाने नवरा गेला, असं बाई रडत रडत म्हणाल्या असणार, आणि त्या पठ्ठ्यानं लिहिलं होतं, लकिली माय हजबंड एक्सपायर्ड. ताई एरवी हसल्या असत्या, पण समोर बाई होती. त्यांनी शांतपणे तो कागद बाजूला ठेवला, नवीन लिहून दिला. बाई गेल्यावर मला म्हणाल्या, “आपलं नशीब चांगलं असतं नि वाईटही असतं. इंग्रजांचं लकिली फक्त चांगल्याच घरी जेवायला जातं.”

पण ताईंचा खरा नियम स्पेलिंगचा नाही नि स्वल्पविरामाचाही नाही. शब्द सुरुवातीला आला तर पुढे स्वल्पविराम द्या, बस चुकली नाही एवढंच असेल तर लकिली लिहा, साहेबाला लिहिताना फॉर्च्युनेटली लिहा, हे त्या एका दमात सांगून मोकळ्या होतात. त्यांचा नियम वेगळाच. फॉर्च्युनेटली लिहायच्या आधी त्या विचारतात, “कोणाचं नशीब, ते आधी सांगा.” आणि उत्तर आल्याशिवाय मला टाईप करू देत नाहीत. कंपनीचा एक सुपरवायझर आला होता, सुदैवाने एकच कामगार जखमी, असं लिहून. ताई म्हणाल्या, “त्या एकाला विचारून या, सुदैव का ते. तो हो म्हणाला तर ठेवू.” सुपरवायझर चिडला, पण शब्द काढून गेला. अशी सगळी तऱ्हा. मी म्हणायचे, ताई, तुम्ही दैव मानत नाही, मग दैवाच्या शब्दाची एवढी राखण कशाला? तर म्हणे, “मानत नाही म्हणूनच. जो शब्द फुकटचा आहे तो लोक कुठेही टाकतात.”

तर एकदा, दुपारची वेळ, एक जोडपं दुकानात आलं. म्हातारा उंच, हाडकुळा, तोंडाला मास्क, आणि मास्कच्या चहूबाजूंनी पांढरी दाढी बाहेर आलेली. बाई ठेंगणी, काळजीनं वाळलेली. देवळा तालुक्याकडची माणसं. बोलीवरूनच कळलं. त्यांचं नाव सावळीराम, बायको लताबाई. नाशिकच्या एका मोठ्या इस्पितळात सावळीरामदादांची किडनी बदलली होती, तपासणीला आले की ते जेल रोडला भाचीकडे उतरायचे. भाचीनंच इंग्रजी बाईंचा पत्ता दिला होता.

लताबाईंनी मोबाईल पुढे केला. “पुतण्यानं लिव्हलंय. मोबाईलमधूनच काढलं म्हणे. तेवढं छापून द्या.”

ज्याची किडनी मिळाली तो एक तरुण मुलगा होता. अपघातात गेलेला. त्याचं नावगाव कोणी सांगत नाही, तसा कायदाच आहे. पण इस्पितळातली एक बाई दोन्ही बाजूंच्या मधे काम बघते, तिनं सांगितलं होतं की आभाराचं पत्र द्यायचं असेल तर द्या, नाव-गाव काही न लिहिता, मी त्यांच्याकडे पोचवीन. मुलाच्या घरचे महाराष्ट्रातले नाहीत, तेव्हा इंग्रजीत लिहा. म्हणून हा खटाटोप.

ताईंनी मोबाईल घेतला आणि पहिलीच ओळ वाचली. फॉर्च्युनेटली, योग्य दाता उपलब्ध झाला. इंग्रजी अगदी बिनचूक, स्वल्पविरामासकट. मी ताईंच्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, आता सुरू होणार.

झालीच सुरू. “दादा, हे कोणाचं नशीब?”

“माझं, बाई. दुसऱ्या कोणाचं?”

“आणि पत्र वाचणार कोण?”

“त्या पोराची माय.”

“मग तिनं पहिला शब्द हा वाचायचा? तुमचा मुलगा सुदैवानं उपलब्ध झाला?”

लताबाई एकदम बोलल्या, “बाई, तुम्ही काय बी लिव्हा, पण लिव्हा. ह्या माणसाचं सुतक फिटू द्या. माझ्याच्यानं आता बघवत नाय.”

मग लताबाईंनी सगळं सांगितलं. दादा इस्पितळातून घरी गेले आणि त्यांनी त्या मुलाचं सुतक धरलं. दाढी करायची नाही, देवाला हात लावायचा नाही, गोड खायचं नाही, तळलेलं नाही, कोणाच्या लग्नकार्याला जायचं नाही. गावातल्या भटजींनी समजावलं, अहो, ते तुमच्या भावकीतलं नाही, रक्ताचं नाही, सुतक लागतच नाही. दादांनी भटजींनाच विचारलं, त्याचं मांस माझ्या पोटात हाय, मग मी त्याचा कोण? भटजी उठून गेले. बरं, धरलं ते धरलं, तेरा दिवसांनी सोडावं की नाही? तर नाही. सुतक सोडायची एक रीत असते त्यांच्यात. मातीला गेलेली घरची माणसं स्वतःहून सुतक सोडत नाहीत, दुसऱ्या घरचं सोयरं येतं, घास भरवतं, तोंड गोड करतं, म्हणजे दुखवटा निघाला. दादा म्हणायचे, माझा दुखवटा काढायचा हक्क त्या पोराच्या घरच्यांचा. त्यांचा निरोप येईल तेव्हा सोडीन.

“आणि तवर काय खातो? भाकर आणि पाणीदार वरण,” लताबाई म्हणाल्या. “डॉक्टर ओरडत्यात, एवढी जड औषधं, अंगात ताकद पायजे. वजन उतराया लागलं. मी म्हन्ते, दुसऱ्याच्या लेकराची वस्तू, ती तरी नीट सांभाळा. ऐकतच नाय.”

आमच्यात सुतक नाही, श्राद्धपक्ष नाही, आम्ही बौद्ध. आणि ताई तर अशा गोष्टींवर भाषण द्यायची संधी सोडत नाहीत. दुसरा कोणी असता तर त्याला तासभर बसवून ठेवला असता. मी पंखा वाढवला, म्हटलं, म्हातारा आता सापडला. पण ताईंनी मोबाईल टेबलावर उलटा ठेवला, चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

कारण मला माहीत होतं. आमचे मोठे भाऊजी, म्हणजे ताईंचे मालक, सुखदेव पगारे, नोटांच्या प्रेसमध्ये कागद तपासायचे. डोळे असे, की उन्हात धरून एकेक रेघ बघायचे. ते अचानक गेले, झोपेतच, आणि ताईंनी त्याच सकाळी फोन करून त्यांचे डोळे दिले. घरात तेव्हा काय गोंधळ झाला होता, विचारू नका. माझ्या सासूबाई म्हणाल्या, आंधळा पाठवतेस का माझ्या लेकाला? ताई ऐकल्या नाहीत. ते डोळे दोन माणसांना बसवले, एवढंच नंतर कळलं. कोणाला, कुठे, काही नाही. ताईंनी कधी विचारलंही नाही. पण मी जाऊ आहे त्यांची, मला दिसतं. टपालवाला दुकानावरून गेला की त्या वर बघतात. अजून बघतात.

त्या दिवशी त्यांनी हे सगळं सावळीरामदादांना सांगितलं. मी तर थक्कच झाले. माझ्याशी कधी त्या विषयावर दोन वाक्यं बोलल्या नव्हत्या. सांगून झाल्यावर म्हणाल्या, “मला कोणाचं पत्र आलं नाही. यावं असा काही नियमही नाही. पण आलं असतं ना दादा, तर मला त्या माणसाचं नशीब वाचायचं नव्हतं. तो आता काय बघतो, ते वाचायचं होतं. तुम्हाला काय होतं आता, ते सांगा. त्या किडनीमुळे काय होतं?”

दादा लाजले. खरंच लाजले, एवढा मोठा माणूस. लताबाईंकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, “बाई, लघवी व्हते.”

मी हसले. मला हसू आवरत नाही, ही माझी खोडच आहे. ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी कीबोर्डकडे बघायला लागले.

“हसू नका, ताई,” दादा मला म्हणाले. “डायलिसिसवर हुतो तवा दिवसाला पाणी मोजून मिळायचं. गोळ्या गिळायच्या तेवढंच. उन्हाळ्यात घरात माठ भरलेला, आन् मी त्याच्याकडं पाठ करून झोपायचो. बाहेर कांद्याला पाणी सोडलेलं, पाटात खळखळ ऐकू यायची आन् माझी जीभ टाळूला. आता उकळून थंड केलेलं घेतो, पर तहान लागली की तांब्या तोंडाला लावतो. पुरा तांब्या. कोणी थांब म्हनत नाय.”

“हेच लिहायचं,” ताई म्हणाल्या. “ललिता, घे.”

मी टाईप करायला लागले. ताई इंग्रजीत सांगत होत्या आणि प्रत्येक वाक्य झालं की दादांना मराठीत सांगत होत्या. मी शेतकरी आहे. पूर्वी मला पाणी मोजून मिळायचं. आता मी तहान भागेपर्यंत पितो. दर वेळी पिताना मला तुमचा मुलगा आठवतो, मी त्याला कधी बघितलं नाही तरी. लघवीचंही लिहिलं, मोजक्या, सभ्य शब्दांत. मी म्हटलं, ताई, तेवढं राहू द्या, तर म्हणाल्या, “त्याच्या आईनं त्याची लंगोटं धुतलीत, तिला काय लाज?” पुढे दादांचं मागणं. मी त्याचं सुतक धरलंय, ते तुम्ही सांगाल तेव्हा सोडीन. आणि वर्षाला पितरांचं पान वाढतो त्यात त्याचं एक पान वाढू का? हक्क तुमचा आहे, म्हणून विचारतो.

सगळं वाचून दाखवलं. दादा मान हलवत होते. मग म्हणाले, “बाई, पर माझं नशीब कुठं लिव्हलं?”

“काढलं ते.”

“नका काढू.”

“दादा, त्यांच्या घरात त्या दिवशी काय झालं असेल?”

“त्येच्यासाठीच तर दाढी वाढवलीया. मला म्हाईत नाय व्हय?” आवाज चढला होता त्यांचा. “पर मला आनंद झाला, हे लपवून पत्र धाडू? चोरून खाल्ल्यागत व्हतंय ते. माझा नंबर लागला असा फोन आला तवा मी रडलो नाय, मी हसलो. तिकडं तिचं पोरगं पडलेलं आन् इकडं मी हसत व्हतो. ते सांगितल्याबिगर सुतक कसलं फिटतं?” आणि मग आपल्याच बोलीत, आम्हाला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाले, “तो मना पोटमा शे. त्याले काय खोटं सांगू?” म्हणजे, तो माझ्या पोटात आहे.

माझ्या ताई, ज्यांनी बँकेच्या पोरांना आणि कंपनीच्या सुपरवायझरला पळवून लावलं, त्या पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या. लताबाई मला खुणेनं विचारत होत्या, रागावल्या का? मी खांदे उडवले. मला काय ठाऊक.

शेवटी ताई म्हणाल्या, “बरं. तुमचं नशीब नेमकं कोणतं? मुलगा गेला ते?”

“छ्या. काय बोलता बाई.”

“मग?”

तेवढ्यात कोणीतरी आधारकार्डाची झेरॉक्स घ्यायला आलं, मी त्याला नंतर ये म्हणून हाकललं. मग दादा म्हणाले, “ती माय हो म्हनाली ते. नाय म्हनली असती तर? अशा टायमाला कोण हो म्हनतं?”

ताईंनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे वळल्या. “लिही. फॉर्च्युनेटली फॉर मी, स्वल्पविराम, यू सेड येस.” आणि मग दादांना मराठीत, “माझं सुदैव, की तुम्ही हो म्हणालात. आणि पुढे लिहिते, तो दिवस तुमच्यासाठी काय होता हे मला माहीत आहे, आणि फोन आला तेव्हा मी हसलो, तेही तुम्हाला सांगतो. चालेल?”

“चालंल,” दादा म्हणाले. मग विचारलं, “बाई, तुमच्यात नशीब मानत नाय ना?”

“नाही मानत. हो म्हणायला नशीब लागत नाही, माणूस लागतो. पण पत्र तुमचं आहे.”

पत्र गेलं. आणि नंतर सुरू झालं वाट बघणं. दादा तपासणीला आले की दुकानात डोकावायचे. उत्तर नाही. दाढी छातीपर्यंत आली. लताबाई मला बाजूला घेऊन सांगायच्या, अजून उतरलं वजन, डॉक्टर म्हणत्यात असंच चाललं तर किडनीला त्रास. गावात पुतणीचं लग्न झालं, हा माणूस मळ्यातल्या खोलीत बसून राहिला. ताई फोन करायच्या. ताई! ज्या माझ्या पोराला वाढदिवसाचा फोन करायला विसरतात. “दादा, उत्तर येईलच असं नाही, समजून घ्या. निदान दूध घ्या.” तिकडून ते म्हणायचे, येईल, बाई. ताई फोन ठेवून माझ्यावर चिडायच्या, चहात साखर जास्त झाली म्हणून. मी ऐकून घ्यायचे. मला कळत होतं, चहावर राग नव्हता तो. पत्र आलं नाही तर म्हातारा झुरून जाईल, ही त्यांना धास्ती होती. आणि शब्द त्यांचे होते. मी एकदा म्हटलंही, आपणच उत्तर लिहून देऊ का? त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे. मी परत तो विषय काढला नाही.

पावसाळा संपता संपता एक दिवस दोघं आली. दादांच्या हातात पाकीट होतं, इस्पितळातल्या बाईनं दिलेलं. फोडलं होतं, पण इंग्रजी, म्हणून वाचता आलं नव्हतं. भाचीला वाचून दाखवू दिलं नाही. म्हणाले, बाईंनीच वाचायचं.

ताईंनी आधी मनात वाचलं. एकच पान. मग दादांना मराठीत सांगायला लागल्या. आईनं लिहिलं होतं, मुलीकडून लिहून घेतलं होतं. तुमचं पत्र आम्ही घरात सगळ्यांनी वाचलं. मुलाच्या वडिलांनी दोनदा वाचलं. तुम्ही हसलात ते वाचून मला राग आला, मग तुम्ही ते सांगितलंत म्हणून गेला. आमचा मुलगा फ्रिजमधली बाटली तोंडाला लावून पाणी प्यायचा, आणि मी त्याला रोज ओरडायचे. तुम्ही तांब्या तोंडाला लावता, तर लावा. आमच्यात सुतक कधीच संपलं. तुम्ही का अजून बसलात? तो कोणाला असं उपाशी बघू शकत नसे. तुमची रीत आम्हाला माहीत नाही, पण पान वाढा. त्याला भात लागायचा, भरपूर, आणि वर तिखट काहीतरी. गोड आवडायचं नाही, पण तुम्ही खा.

इथवर ताईंचा आवाज नीट होता. शेवटचं वाक्य मात्र त्यांना मराठीत सांगता येईना. मी कागद घेतला नि मीच सांगितलं. आमचं सुदैव की तो कुठेतरी पाणी पितो आहे, असं लिहिलं होतं.

लताबाई रडत होत्या, मीही रडत होते, त्यात लाज कसली. दादा रडले नाहीत. ते उठले, म्हणाले आलो, आणि शेजारच्या सलूनमध्ये गेले. परत आले तेव्हा मी ओळखलंच नाही. दाढीखाली एवढासा चेहरा होता. हातात पेढ्यांचा पुडा.

पुडा त्यांनी ताईंच्या टेबलावर ठेवला आणि समोर स्टुलावर बसले. “बाई, निरोप त्यांचा आला. पर घास दुसऱ्या घरच्यानं भरवावा लागतो. तुम्ही भरवा.”

“दादा, मी हे मानत नाही.”

“मला म्हाईत हाय. मी मानतो ना.”

ताईंनी पेढा घेतला. मास्क खाली केलेल्या त्या तोंडात घातला. दादांनी डोळे मिटून हळूहळू खाल्ला, कितीतरी महिन्यांनी गोड. लताबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले, कोणाला ते मला माहीत नाही.

मग दादांनी पुड्यातला दुसरा पेढा उचलला आणि ताईंच्या पुढे धरला.

“तुमच्या मालकांचे डोळे ज्याच्याकडं हायेत ना बाई, त्याला लिव्हायला जमलं नसंल. त्याच्या वतीनं हा मी देतो. तुमचा बी दुखवटा निघू द्या.”

ताईंना मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. भाऊजी गेले त्या सकाळी त्या रडल्या नव्हत्या, डोळे न्यायला येणाऱ्यांना फोनवर पत्ता सांगत होत्या, जिना कुठून आहे ते सांगत होत्या. त्या आता म्हणणार, आमच्यात सुतक नाही, दुखवटा नाही, दादा, तुमचं आपलं काहीतरीच. मी वाटच बघत होते.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे वाहत होते ते पुसलेही नाहीत, आणि लहान मुलासारखं तोंड उघडलं.